फी भरायची नसते, गाइड शोधायचा असतो

मुलगी एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीत मास्टर्स झाली आणि परदेशात पीएच.डी. करायची म्हणाली, की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साधारण किती लागतील?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आईबाबांशी आज जरा मोकळेपणाने बोलायचं आहे. फिजिओथेरपी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे एफडी मोडायच्या तयारीने आलेले बाबा, गावाकडच्या तुकड्याचा विषय निघताच गप्प होणाऱ्या आई आणि "बँकेत मॅनेजरशी बोलून ठेवलंय" म्हणणारे काका असे सगळेजण माझ्यासमोर बसून गेले आहेत. त्यांना मी सांगते, बँकेत जायची घाई करू नका. संशोधनाची पीएच.डी. खरोखर फंडेड असेल, तर तिथे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. विद्यापीठ फी माफ करतं आणि वर राहण्याखाण्यासाठी दरमहा स्टायपेंड देतं. आणि विद्यापीठ तुमच्याकडेच वर्षाला पंधरा-वीस लाख मागत असेल, तर ते दार आपलं नाही.

हे ऐकून काहींना आनंद होतो, काहींना संशय येतो. फुकट कोण कशाला देईल? फुकट नसतंच ते. तुमची मुलगी तिथे काम करणार असते. प्रयोगशाळेत रुग्णांच्या चालण्याची मोजमापं घेणार, आकडेमोड करणार, पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेणार. त्या कामाचे ते पैसे असतात. म्हणूनच हिला 'ॲडमिशन' म्हटलं की सगळा विचार भलतीकडे जातो. ही नोकरी शोधण्याच्या जवळची गोष्ट आहे.

आता एक घोळ आधीच निस्तरून टाकू, कारण दर वर्षी कोणी ना कोणी त्यात अडकतंच. अमेरिकेत डीपीटी नावाची पदवी आहे, डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी. नावात डॉक्टर असलं तरी तिथे रुग्ण तपासायला लागण्यासाठीची ती पहिली व्यावसायिक पदवी, साधारण तीन वर्षांची. तिची फी विद्यार्थी स्वतः भरतो, बहुतेकदा कर्ज काढून, आणि ती लाखभर डॉलरच्या पुढे सहज जाते. आधीच फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी तिची आखूड आवृत्तीही मिळते, तीही पैसे भरूनच. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी, आणि पैसे मिळतात ते हिला. नातेवाइकांत "अमेरिकेत डॉक्टरेटला नंबर लागला" असं सांगण्याआधी या दोनपैकी काय ते विचारून घ्या.

आणि पीएच.डी.च्या पाटीवर फिजिओथेरपी हा शब्द असेलच असं नाही. पिट्सबर्गला रिहॅबिलिटेशन सायन्स म्हणतात, डेलावेअरला बायोमेकॅनिक्स अँड मूव्हमेंट सायन्स, तर कॅलिफोर्नियात यूएससीमध्ये बायोकायनेसिऑलॉजी. मुलगा दोन रात्री 'फिजिओथेरपी पीएच.डी.' एवढंच शोधतो आणि "फारशा जागाच नाहीत" म्हणून सोडून देतो. जागा असतात, वेगळ्या नावाखाली असतात.

कन्सल्टन्सीवाल्यांचंही बोलून घेऊ. त्यांच्यावर माझा राग नाही, तो त्यांचा धंदा आहे. फी भरणारा विद्यार्थी पाठवला की परदेशातलं विद्यापीठ त्यांना कमिशन देतं. जिथे विद्यापीठच विद्यार्थ्याला पैसे देणार, तिथे कमिशन कशातून निघणार? त्यामुळे त्यांच्या ऑफिसात फंडेड पीएच.डी.चा विषय निघतच नाही. तुम्ही काढलात तर "फार अवघड असतं ते, आधी तिथलं एक वर्षाचं मास्टर्स करू दे, मग आतूनच मिळतं" असं म्हणत एमएस्सीचा फॉर्म पुढे सरकवला जातो. संशोधनाचा प्रबंध लिहून एमपीटीएच झालेल्या मुलीला आणखी एक मास्टर्स विकत घ्यायची सहसा गरज नसते. फक्त बीपीटीएच, म्हणजे नुसती पदवी झालेल्याचं वेगळं. त्याने मास्टर्स करावंच, इथे किंवा तिथे, पण प्रबंध असलेलं करावं. "पस्तीस टक्के स्कॉलरशिप मिळाली" म्हणून पेढे वाटणारे पालकही बघितलेत. पस्तीस टक्के स्कॉलरशिप म्हणजे पासष्ट टक्के फी.

मग ही पीएच.डी. देतं कोण? गाइड देतो. म्हणजे सही विद्यापीठाचीच असते, पण "ही मुलगी मला हवी" असं कोणीतरी प्राध्यापक म्हणावा लागतो. त्याच्याकडे एखादा प्रकल्प असतो, त्या प्रकल्पाला सरकारचा किंवा एखाद्या संस्थेचा निधी मिळालेला असतो आणि त्या निधीत एका विद्यार्थ्याचा खर्च धरलेला असतो. सगळीकडे अगदी असंच नसतं. ऑस्ट्रेलियात गाइड मिळाला तरी शिष्यवृत्तीची स्पर्धा वेगळी असते. पण गाइडशिवाय कुठेच पान हलत नाही. त्यामुळे आपल्या मुलांचं पहिलं काम असतं पत्र लिहिणं, आणि तिथेच ती सपशेल आपटतात.

नेहमीचं पत्र कसं असतं सांगते. "आदरणीय सर, मी भारतातली फिजिओथेरपिस्ट असून मला संशोधनाची अत्यंत आवड आहे. मी कष्टाळू व प्रामाणिक आहे. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात संधी मिळाल्यास आभारी राहीन. सोबत बायोडेटा." हेच पत्र एका रात्रीत साठ जणांना जातं. कधी आदल्या प्राध्यापकाचं नाव तसंच राहून जातं. उत्तर येत नाही आणि घरात "वशिला लागतो वाटतं" अशी चर्चा सुरू होते.

आता दुसरं पत्र बघा. समजा मुलगी सांगली-कोल्हापूरकडची आहे आणि तिने एमपीटीएचला गुडघ्याच्या संधिवातावर काम केलं आहे. ती लिहिते: "गुडघेदुखीसाठी घरी करायच्या व्यायामांवरचा तुमचा लेख वाचला. माझ्या प्रबंधातल्या बायका दिवसभरात अनेकदा उकिडव्या बसतात, जेवायला मांडी घालून बसतात. पाय न दुमडण्याचा सल्ला त्या पाळूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी व्यायाम कसे बदलावेत आणि फरक कशाने मोजावा, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या गटात पुढच्या वर्षी जागा आहे का?" एवढंच, सहा-सात ओळी, सोबत दोन पानांचा बायोडेटा. हे पत्र साठ जणांना पाठवता येत नाही, कारण प्रत्येकासाठी आधी त्या माणसाचं वाचावं लागतं. पण याला उत्तर येण्याची शक्यता असते. मेलबर्नमधल्या प्राध्यापकाला गुडघ्याविषयी तुमच्या मुलीपेक्षा खूप जास्त कळतं, तरी उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईचा गुडघा तुमच्या मुलीने रोज बघितलेला असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार, कोकणात कमरेतून वाकून भात लावणारी बाई, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा मजूर. आपल्या मुलांना हे मागासलेलं वाटतं, म्हणून ती पत्रात लपवतात आणि रोबोटिक्सबद्दल लिहितात, जे त्यांनी फक्त व्हिडिओत पाहिलेलं असतं.

बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही, हे घरातल्या सगळ्यांनी धरून चालायचं. दोन आठवड्यांनी एकदा नम्र आठवण करावी आणि पुढच्या नावाकडे वळावं. या काळात संध्याकाळच्या चहाला "आलं का काही?" असं रोज विचारू नका. आलं की ती स्वतःच सांगेल, ओरडून सांगेल.

उत्तर आलं, व्हिडिओ कॉल ठरला, की आपली स्थळं बघण्याची विद्या जरूर वापरा. म्हणजे चौकशी करा, किंबहुना मुलीला करायला लावा. त्या गाइडकडे आधी किती विद्यार्थी होते, त्यांची पीएच.डी. किती वर्षांत झाली, अर्धवट सोडून कोणी गेलं का, आता ते कुठे काम करतात. आत्ता तिथे असलेल्या एखाद्या विद्यार्थ्याशी गाइडच्या अनुपस्थितीत बोलू द्या. नामांकित विद्यापीठातल्या छळवादी गाइडपेक्षा कमी नावाच्या विद्यापीठातला वेळ देणारा गाइड परवडतो. शेजाऱ्यांना विद्यापीठाचं नाव सांगायचं असतं, पण चार वर्षं त्या माणसाबरोबर काढायची असतात.

प्रबंधाविषयी थोडं कडू बोलणार आहे. आपल्याकडे एमपीटीएचचे बरेचसे प्रबंध एकाच साच्यातले: तीस-चाळीस रुग्ण, दोन गट, चार आठवडे, आधीचं माप, नंतरचं माप, "दोन्ही गटांत सुधारणा आढळली". आकडे स्टॅटिस्टिशियनने काढलेले आणि टायपिंग दुकानात झालेलं. परदेशातला प्राध्यापक कॉलवर विचारतो, "ही चाचणी का निवडलीत?" आणि मुलगी गप्प. तिचा यात सगळा दोष नाही, पण पुढे जायचं असेल तर हे भगदाड आधी बुजवावं लागतं. वर्षभर थांबून संख्याशास्त्राचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम नीट करणं, एखाद्या इस्पितळात किंवा आयआयटीत संशोधन सहायक म्हणून काम करणं, याला वर्ष वाया गेलं म्हणत नाहीत. रुग्णांवर उपचाराचा प्रयोग असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी तो भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदवलेला असावा लागतो. २०१८ च्या एप्रिलपासून तिथे मागाहून नोंदणी चालत नाही. तो नोंदणी क्रमांक बायोडेटात असला, की वाचणाऱ्याला कळतं की इथे काम रीतसर झालंय.

आणि पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी मुलांना लागू देऊ नका. पालक बिचारे "पब्लिकेशन लागतं म्हणे" म्हणून दहा-पंधरा हजार काढून देतात. बाहेरच्या प्राध्यापकाला त्या जर्नलचं नाव वाचूनच कळतं, आणि त्या एका ओळीने बाकीच्या चांगल्या ओळींवर पाणी फिरतं. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांचंही तेच. मेटलंड, मलिगन, मॅकेन्झी ही नावं तुमच्या घरातही ऐकू येत असतील. पहिला ॲडलेडचा, पुढचे दोघे न्यूझीलंडचे, आणि तिघांच्याही पद्धती दवाखान्यात उपयोगी पडतात. कोर्स करावा, रुग्णाला फायदा होतो. पण पीएच.डी.च्या अर्जात अशा सर्टिफिकेटांच्या चळतीला फारशी किंमत नसते.

देशांचं आता. सगळ्यांना आधी अमेरिका दिसते. तिथे अर्ज बहुधा डिसेंबरच्या सुमाराला बंद होतात आणि सुरुवात ऑगस्टमध्ये होते. मुदत चार-पाच वर्षांची. पद्धत चांगली आहे, पण २०२५ च्या सुरुवातीला संशोधनाच्या सरकारी निधीला कात्री लागायला लागली, तेव्हा काही विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा काही काळ थांबवले. म्हणून फक्त अमेरिकेवर सगळी भिस्त ठेवू नका, असं मी हल्ली आवर्जून सांगते.

ऑस्ट्रेलियात तीन ते साडेतीन वर्षं. तिथे सरकारची रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम नावाची योजना आहे. ती विद्यापीठांमार्फत मिळते, तिच्यात फी माफ होते आणि स्टायपेंड मिळतो. २०२५ साली त्याचा किमान दर वर्षाला ३३,५११ ऑस्ट्रेलियन डॉलर होता. बाबा लगेच मनात गुणाकार करतात आणि "अठरा-एकोणीस लाख!" म्हणतात. तो गुणाकार करू नका. महिन्याला होतात पावणेतीन हजार डॉलर, भाडं आठवड्यावर असतं आणि सिडनीत दुसऱ्यांबरोबर राहूनही एका खोलीला आठवड्याला तीनशेच्या पुढे मोजावे लागतात. भागतं, व्यवस्थित भागतं, घरी पाठवायला मात्र उरत नाही. फिजिओथेरपीच्या संशोधनात तो देश फार पुढे आहे. आमच्या क्षेत्रातले उपचारांचे प्रयोग गोळा करून त्यांना गुण देणारा पेड्रो नावाचा साठा १९९९ मध्ये सिडनीतच सुरू झाला, आणि आज इथला एमपीटीएचचा विद्यार्थीही त्यावरूनच प्रबंधाची सुरुवात करतो. तिथे निवड गुणांवर आणि संशोधनाच्या अनुभवावर होते. आपल्याकडे या शिक्षणात पासष्ट-सत्तर टक्के म्हणजे वर्गात वरचा नंबर. तिकडच्या माणसाला ते पासष्ट किरकोळ वाटू शकतात. कॉलेजकडून "वर्गात इतकी मुलं, त्यात हिचा हा क्रमांक" असं पत्र घेतलेलं बरं.

न्यूझीलंडची गंमत अशी, की परदेशी पीएच.डी. विद्यार्थ्यालाही तिथल्याच विद्यार्थ्याएवढी फी लागते. त्यामुळे शिष्यवृत्ती थोडी कमी पडली तरी डोंगर कोसळत नाही. ड्युनेडिनला ओटागो विद्यापीठाची फिजिओथेरपीची शाळा आहे, तिची सुरुवात १९१३ सालची.

युरोपात जर्मनीचं नाव सगळ्यात आधी निघतं, "तिथे शिक्षण फुकट असतं ना?" असतं, पण फिजिओथेरपी तिथे मुख्यतः विद्यापीठाबाहेरचं तीन वर्षांचं व्यवसायशिक्षण म्हणून वाढली, त्यामुळे आमच्या विषयात पीएच.डी.च्या जागा त्या मानाने थोड्या. त्यापेक्षा स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स, बेल्जियम बघा. यातल्या बहुतेक ठिकाणी पीएच.डी. विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो; त्याला रजा असते, आजारपणाची सवलत असते, स्वीडनमध्ये तर पीएच.डी.ला फीच नसते. जागेची जाहिरात निघते आणि नोकरीसारखा अर्ज करायचा असतो. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये एक मजेशीर अट आहे: ज्या देशात जायचं, तिथे गेल्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. आधी तिथे जाऊन मास्टर्स केलेल्यांची यात पंचाईत होते. थेट साताऱ्याहून निघालेल्या मुलीला ही अट आडवी येत नाही.

इंग्लंडमध्ये जपून. सरकारी संशोधन परिषदेचा स्टायपेंड २०२५-२६ साठी २०,७८० पौंड होता आणि २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही तो मिळू शकतो, पण त्यांचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांपर्यंतच ठेवलेलं आहे. शिवाय काही जाहिरातींत फक्त तिथल्या विद्यार्थ्याएवढी फी माफ होते, वरचा फरक तुमच्या गळ्यात. तो फरक वर्षाला लाखोंचा असतो. जाहिरातीतली ती एक ओळ दोनदा वाचा.

हाँगकाँगचं नाव काढलं की पालकांचे चेहरे पडतात. अहो, तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठाचा रिहॅबिलिटेशन सायन्सेसचा विभाग आशियात नावाजलेला आहे. २००९ पासून तिथे हाँगकाँग पीएच.डी. फेलोशिप चालते, महिना अठ्ठावीस हजार हाँगकाँग डॉलरच्या आसपास, अर्ज बहुधा एक डिसेंबरपर्यंत. विमानाने अर्ध्या दिवसात घरी येता येतं. आजी आजारी पडली तर याचं महत्त्व कळतं.

ऑफर लेटर आलं, की घरातल्या हिशेबी माणसाने ते हातात घ्यावं. फी पूर्ण माफ आहे का, की फक्त पहिल्या वर्षाची? स्टायपेंड बारा महिन्यांचा आहे की नऊ? अमेरिकेत पुष्कळदा नऊच महिन्यांचा असतो, मग उन्हाळ्यात काय खायचं हे आधी विचारावं लागतं. किती वर्षांची हमी आहे? आरोग्यविमा कोण भरणार? फी माफ असूनही 'स्टुडंट सर्व्हिसेस' वगैरे नावाने वेगळी रक्कम लागते का? आठवड्याला किती तास काम? अमेरिकेत साधारण वीस असतात. यात काही तोंडी असेल तर ते लेखी मागायला लाजू नये. पूर्ण निधीचं पत्र असेल, तर व्हिसासाठीही बहुतेक ठिकाणी तेच पुरावा म्हणून चालतं, तुमच्या घरावर बोजा चढवावा लागत नाही.

खर्च अगदीच नाही असं मात्र नाही. आयईएलटीएसची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, अमेरिकेतल्या प्रत्येक अर्जाची फी वेगळी, कागदपत्रं, कुरिअर. लाखभर रुपये धरून चाला. निघताना तिकीट, घराचं डिपॉझिट आणि पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंतचा महिना-दीड महिना, यासाठी दोन-तीन लाख हाताशी असावेत. टाटांचा जे. एन. टाटा एन्डोमेन्ट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, ती अशा वेळी उपयोगी पडते. याहून मोठं कर्ज पीएच.डी.साठी काढू नये, हे माझं स्पष्ट मत.

शिष्यवृत्तीवर परदेशी शिकणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ते तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांवर. आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी; पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून ती चालते. मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथी संस्थेतर्फे सयाजीरावांच्याच नावाची योजना आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि खुल्या गटातले आर्थिक दुर्बल यांच्यासाठीही वेगळ्या योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाचा जागतिक क्रमांक आणि शाखा या अटी बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरातच वाचायची, चुलतभावाच्या वेळची नाही. एक कळीची गोष्ट: या योजनांना बहुधा विनाअट ऑफर लेटर लागतं. "मूळ पदवी प्रमाणपत्र दाखवल्यावर प्रवेश" असं लिहिलेलं पत्र विनाअट धरलं जात नाही, आणि मुलं शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात.

आता ज्याबद्दल घरात बोलणं टाळलं जातं ते. तुमच्या मुलीला रुग्णांना हात लावायला आवडतं का? लकवा झालेल्या आजोबांनी पहिलं पाऊल टाकलं की तिचा दिवस चांगला जातो का? मग पीएच.डी.चा हट्ट तिचा आहे की तुमचा, हे एकदा तपासा. पीएच.डी. करताना बराचसा वेळ संगणकासमोर जातो. आणि पीएच.डी. झाली म्हणून त्या देशात रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी अमेरिकेत राज्याचा परवाना आणि एनपीटीई परीक्षा, इंग्लंडमध्ये एचसीपीसीची नोंदणी, ऑस्ट्रेलियात तिथल्या कौन्सिलची पडताळणी हे सगळं वेगळं करावं लागतं. नुसती नावाआधी 'डॉ.' लावायची हौस असेल, तर त्यावरून इथेच पुरेसं रामायण चालू आहे: २०२५ च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांनी ते लावू नये असं पत्र केंद्रातून निघालं आणि लगोलग मागेही घेतलं गेलं. त्यासाठी कोणी चार वर्षं ड्युनेडिनच्या थंडीत काढू नयेत.

परत आल्यावर इथे काय, हेही विचारा. कॉलेजात प्राध्यापकी मिळेल, पण पगार ऐकून खट्टू व्हायला होतं. स्वतःचं क्लिनिक टाकलेली वर्गमैत्रीण तोवर जास्त कमावत असते. तरीही जी मुलगी "हा व्यायाम खरंच काम करतो का?" असं विचारून आम्हाला भंडावून सोडते, तिला पाठवाच. अशी मुलगी क्लिनिकमध्ये रमत नाही.

लग्नाचा विषय निघणारच. "सव्वीस झालं, चार वर्षं तिकडे, मग कधी?" पीएच.डी. करताना लग्नं होतात, बाळंतपणंही होतात. उत्तर युरोपात तर पगारी प्रसूतिरजा मिळते. जोडीदाराचे नियम देशागणिक वेगळे आहेत. इंग्लंडने २०२४ च्या जानेवारीपासून मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना नवरा-बायकोला सोबत न्यायची परवानगी बहुतेक बंद केली, पीएच.डी.वाल्यांची मात्र चालू ठेवली. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या नेहमीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ऑस्ट्रेलियात पीएच.डी. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तासांचं बंधन नसतं. स्थळ बघताना हे मुलाकडच्यांना मोकळेपणाने सांगा. जे नाक मुरडतील ते लवकर कळलेले बरे.

लग्नावरूनच एक व्यवहाराची गोष्ट, जिच्यात कितीतरी मुली अडकतात. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शिवाय आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम निराळा. त्यात लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव चढलेलं. परदेशातल्या कारकुनाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. अर्ज चालू असेपर्यंत नाव बदलू नका, किंवा बदलायचंच असेल तर राजपत्रातली नोंद आणि सगळे कागद एकदमच बदला. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा राहिला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी कॉलेज आणि नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्हीकडे खेटे घालावे लागतात. डिसेंबरच्या मुदतीसाठी ती कागदपत्रं गणपतीच्या आधी हातात हवीत, कारण पुढे सुट्ट्या लागोपाठ येतात. शिफारसपत्रं देणाऱ्या शिक्षकांनाही तेव्हाच सांगून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेल्या सरांना फोन करकरून पत्र मागायची वेळ आली, तर ते पत्र चार ओळींचंच येतं.